टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर: असेंबल करून घ्यावा की तयार आणावा?

टीव्हीच स्मार्ट असताना त्याला वेगळा कॉम्प्युटर कशाला, हा प्रश्न आधी निकालात काढू. घरात फक्त यूट्यूब, जिओहॉटस्टार आणि नेटफ्लिक्स बघितलं जात असेल तर खरंच गरज नाही. टीव्हीतलं ॲप किंवा एखादी चांगली ४के स्टिक (टीव्हीच्या मागे खोचायची छोटी कांडी) हे काम कॉम्प्युटरपेक्षा सोपं करते, आणि कित्येकदा चित्रही जास्त चांगलं देते. विंडोजवर नेटफ्लिक्सचं ४के बघायचं तर एज ब्राउझर किंवा त्यांचं ॲप लागतं, टीव्ही आणि जोडणी एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारा नियम) पाळणारी लागते, शिवाय ग्राफिक्सही चालणारं हवं. लिनक्सवर तर ब्राउझरमधून नेटफ्लिक्ससारख्या सेवा पूर्ण दर्जाचं चित्र देतच नाहीत. स्टिकला यातलं काही विचारावं लागत नाही.

कॉम्प्युटर लागतो तो वेगळ्या कामांसाठी. घरात लग्नाच्या डीव्हीडी, मुंजीचे पेनड्राइव्ह, फोनमधून काढून ठेवलेले हजारो फोटो-व्हिडिओ आहेत आणि ते सगळे हॉलमधल्या टीव्हीवर एका जागी दिसायला हवेत. गावात नेट दिवसभर धड नसतं, म्हणून बघायचं ते आधी उतरवून ठेवावं लागतं. टीव्ही आठ वर्षांचा आहे, पडदा ठणठणीत आहे, पण ॲप अपडेट व्हायची बंद झाली आहेत. लेकरांना मोठ्या पडद्यावर अभ्यासाचे व्हिडिओ आणि सुट्टीत गेम हवेत. यातली दोन कामं तुमच्या यादीत असली तर पुढचं वाचा.

दुकानात पहिला प्रश्न असतो "प्रोसेसर कुठला टाकू?" मराठवाड्यात या प्रश्नाचा नंबर चौथा लागला पाहिजे. आधी जागा, मग वीज, मग दुरुस्ती कोण करणार, आणि त्यानंतर प्रोसेसर. असेंबल की तयार हा निर्णय या क्रमाने गेलं की जवळजवळ आपोआप होतो.

पहिली पायरी: जागा आणि मे महिना

परभणी, नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२–४४ अंशांवर जाणं नवीन नाही. पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या घरात दुपारी चार वाजता हॉलमधली हवाच चाळिशीला टेकलेली असते. शोकेसच्या बंद कप्प्यात, सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायरच्या शेजारी, ती आणखी तापते. आता बऱ्याच छोट्या तयार कॉम्प्युटरांचा माहितीकागद बघा. चालवण्याचं कमाल तापमान ३५ अंश लिहिलेलं असतं, काहींवर ४०. म्हणजे कंपनीने जो उन्हाळा गृहीत धरला आहे तो आपला नाही.

याचा अर्थ मशीन लगेच जळतं असा नाही. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःचा वेग कमी करतो. मग व्हिडिओ अडखळतो आणि आपण नेटला शिव्या घालतो. खरा मार बसतो तो हार्ड डिस्कला. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते, आणि बंद कप्प्यात पंख्याशिवाय ठेवलेली डिस्क तिथपर्यंत सहज पोचते.

म्हणून पट्टी घेऊन जागा मोजा. कप्प्याला मागून उघडं आहे का? मशीनच्या दोन्ही बाजूंना चार बोटं आणि वर वीतभर जागा राहते का? काचेचं दार असेल तर ते काढता येईल का? उत्तरं नकारार्थी आली तर मशीन शोकेसबाहेर ठेवायची तयारी करा. टीव्हीच्या मागे भिंतीला लागणारा छोटा बॉक्स त्यासाठी सोयीचा पडतो, कारण टीव्हीच्या मागे हवा खेळती असते. फक्त टीव्हीची स्वतःची गरम हवा जिथून वर जाते ती जागा टाळा. बिनपंख्याचे बॉक्स, ज्यांची 'अजिबात आवाज नाही' म्हणून जाहिरात होते, ते एसी असलेल्या खोलीतच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

धूळ हा दुसरा भाग. रस्त्याकडेचं घर, जवळपास जिनिंग, किंवा शेतातलं घर असेल तर दोन महिन्यांत पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर थर बसतो. कापसाचे तंतू तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता काढणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटी पार बुजवून टाकतात. इथे असेंबल मशीनचा फायदा आहे: कॅबिनेटला काढता येणारी जाळी असते, झाकण दोन स्क्रूत निघतं, आणि ब्लोअर मारून दहा मिनिटांत काम होतं. छोट्या तयार बॉक्सचा पंखा आत खोल असतो. काहींमध्ये त्याच्यापर्यंत पोचायला मदरबोर्डच बाहेर काढावा लागतो. घेण्याआधी त्या मॉडेलचा उघडून दाखवलेला व्हिडिओ यूट्यूबवर नक्की बघा. पाली आणि मुंग्यांचंही तसंच. मोठ्या कॅबिनेटची मागची रिकामी स्लॉटपट्टी दुकानदाराने लावली नसेल तर पाल आत शिरून बोर्डावर मरते आणि बोर्ड शॉर्ट होतो. ती पट्टी मागून घ्या.

दुसरी पायरी: वीज, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण आपल्याकडे टीव्हीचे आणि कॉम्प्युटरचे एचडीएमआय पोर्ट इथेच मरतात.

अर्थिंग नसलेल्या घरात चालू कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. टेस्टर लावला तर तो मंद पेटतो. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे थोडा करंट कॅबिनेटवर गळतो, आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. माणसाला त्याने फार काही होत नाही. पण त्याच अवस्थेत एचडीएमआयची केबल चालू टीव्हीत खुपसली की तो करंट पोर्टमधून वाट काढतो. टीव्हीला केबलवाल्याची किंवा डिशची तार जोडलेली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ती तार दुसऱ्याच ठिकाणी जमिनीला टेकलेली असते.

उपाय साधा आहे. वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या. काळ्या रानातली माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि पावसाळ्यात ठीक असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये नसल्यासारखं होतं. खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. टीव्ही आणि कॉम्प्युटर विजेच्या एकाच बोर्डावर ठेवा. एचडीएमआय नेहमी दोन्ही मशीन बंद करून, प्लग काढून जोडा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की विजेचा प्लग, केबलची तार आणि नेटची तांब्याची तार, तिन्ही काढून ठेवा.

लाईट जाण्याचं काय? छोटा तयार बॉक्स इथे सरळ जिंकतो. त्याचा ॲडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळी दाब पडला तरी तो हलत नाही. वीजही नगण्य खातो, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर टीव्हीसकट तासन्‌तास चालतो. असेंबल मशीनमध्ये मात्र पॉवर सप्लाय निवडताना डब्यावरची इनपुटची ओळ वाचा. '१००–२४०' लिहिलेलं असेल तर घ्या. '२००–२४०' असेल तर दाब पडल्यावर मशीन रीस्टार्ट होत राहील. चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं आणि त्यातल्या काहींचं जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरशी पटत नाही: लाईट गेली की मशीन बंद. इन्व्हर्टर साइन वेव्ह असावा आणि त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर असावं. एवढं केलं तर वेगळ्या यूपीएसची गरज बहुधा पडत नाही.

बिलाचं गणितही करून टाकू. सरासरी १० वॉट खाणारा बॉक्स चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला साधारण ७ युनिट. ४५ वॉटचं असेंबल मशीन तसंच चालू ठेवलं तर ३२ युनिट. रोज तीन तास लावून बंद करणार असाल तर हा फरक विसरून जा. फोटोंचा साठा घरभर सगळ्यांच्या फोनवर दिसावा म्हणून मशीन कायम चालू ठेवणार असाल तर तो वर्षभर जाणवेल.

तिसरी पायरी: बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं

ब्रँडेड मशीनच्या खोक्यावर 'ऑनसाइट वॉरंटी' लिहिलेलं असतं. ती तुमच्या पिनकोडला लागू आहे का हे कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड शहरात माणूस घरी येतो, औंढा किंवा परांड्यात येईलच असं नाही. ऑनलाइन मिळणारे परदेशी छोटे बॉक्स दिसायला आणि चालायला छान असतात, पण बोर्ड गेला तर सगळा डबाच कुरियरने पाठवावा लागतो. कुठे आणि कुणाच्या खर्चाने, हे घेण्याआधी वाचा.

असेंबल मशीनची वॉरंटी तुकड्यातुकड्यांत असते आणि तेच तिचं बळ आहे. बॉक्समधला इंटेल प्रोसेसर तीन वर्षं, बोर्ड बहुधा तीन, एसएसडी आणि पॉवर सप्लाय तीन ते पाच. एक भाग गेला तर तेवढाच बदलतो, बाकीचं मशीन घरीच राहतं. अट एकच: जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. 'ट्रे' प्रोसेसर, म्हणजे कंपनीच्या खोक्याविना सुटा मिळणारा, थोडा स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची ती बॉक्सवाली वॉरंटी नसते. दुकानदार जे देईल तेवढंच.

सुटे भाग कुठून आणायचे? नांदेड, परभणी, लातूरची मंडळी सिकंदराबादच्या पार्क लेनमधल्या सीटीसी या कॉम्प्युटर बाजारात जातात, संभाजीनगर-जालन्याकडची पुण्याला किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला. देवगिरी एक्सप्रेस मुंबई आणि सिकंदराबाद दोन्हींना जोडते, त्यामुळे सवय जुनी आहे. भावात फरक पडतो हे खरं, पण वॉरंटीसाठी पुन्हा तीच गाडी पकडावी लागते. माझा सल्ला असा की बोर्ड, पॉवर सप्लाय आणि हार्ड डिस्क आपल्या जिल्ह्यातल्या दुकानातून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. हेच भाग परत करायची वेळ येते. प्रोसेसर आणि रॅम सहसा बिघडत नाहीत. ते कुठूनही आणा.

चौथी पायरी: दोन्हीकडे लागणारी किमान ताकद

सिनेमा बघायला जोरदार प्रोसेसर लागत नाही. लागतो तो व्हिडिओ उलगडणारा योग्य हार्डवेअर भाग, जो प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये असतो. आजचे बहुतेक ४के व्हिडिओ एचईव्हीसी, व्हीपी९ किंवा एव्ही१ या, व्हिडिओ दाबून लहान करायच्या तीन प्रकारांत येतात. दहा-बिट एचईव्हीसी इंटेलच्या सातव्या पिढीपासून नीट चालतं. एव्ही१ साठी अकरावी पिढी किंवा त्यानंतरचं ग्राफिक्स लागतं. इंटेल एन१०० हा छोटासा प्रोसेसर तिन्ही प्रकार आरामात उलगडतो, आणि म्हणूनच छोट्या बॉक्सांत तो इतका दिसतो. एएमडीचा रायझन ५६००जी अजून दुकानांत मिळतो, पण त्याला एव्ही१ उलगडता येत नाही. ८००० मालिकेतल्या 'जी' प्रोसेसरला येतं.

असेंबल करताना एक सापळा हमखास असतो. इंटेलच्या नावापुढे 'एफ' असेल, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, तर त्यात ग्राफिक्सच नाही. थोडा स्वस्त म्हणून तो गळ्यात मारला जातो आणि मग वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं. साधा आय३-१२१०० मागा.

दुसरं पोर्टचं. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० फ्रेमच मिळतं, माऊस ओढत चालतो आणि क्रिकेट बघवत नाही. २.० किंवा त्यापुढचं हवं. जुन्या आणि स्वस्त बोर्डांवर १.४ असतं, म्हणून बोर्डाच्या पानावर '४के, ६० हर्ट्‌झ' हे शब्द शोधा.

रॅम ८ जीबी चालते, १६ असली तर बरी. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकले आहेत, त्यामुळे तयार बॉक्स घेताना तो रॅम-एसएसडीसह आहे की 'बेअरबोन', हे डोळे उघडे ठेवून बघा. बेअरबोनचा भाव आकर्षक दिसतो कारण त्यात निम्मं मशीनच नसतं. एन१०० च्या बॉक्समध्ये रॅमची जागाही एकच असते.

डिस्कची हौस असलेल्यांसाठी एक सूचना. ४के ब्लू-रे कॉम्प्युटरवर अधिकृतपणे चालवायला इंटेलची एसजीएक्स नावाची सोय लागायची, आणि अकराव्या पिढीपासून ती घरगुती प्रोसेसरांतून गेली. नव्या मशीनला महागडा ड्राइव्ह लावण्यापेक्षा वेगळा प्लेयर घ्या.

पाचवी पायरी: आता निवड

माझ्या मते मराठवाड्यातल्या दहापैकी सात घरांनी तयार छोटा बॉक्स घ्यावा. वीज कमी, जागा कमी, दाब पडला तरी चालतो. घरचा साठा यूएसबीच्या हार्ड डिस्कवर ठेवायचा. साडेतीन इंची, स्वतःचा ॲडॉप्टर असलेली डिस्क घ्या, कारण बॉक्सच्या यूएसबीवर भागणाऱ्या छोट्या डिस्क फार मोठ्या साठवणीच्या मिळत नाहीत. इंटेलचे एनयूसी नावाचे छोटे बॉक्स शोधत असाल तर २०२३ मध्ये इंटेलने तो धंदा थांबवला आणि ती मालिका आता आसुसकडे आहे.

यातलाच एक स्वस्त प्रकार म्हणजे कार्यालयांतून निघालेले जुने छोटे डेस्कटॉप: डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवो थिंकसेंटर टायनी, एचपीचे मिनी. बांधणी दणकट, झाकण सहज निघतं, पंखा साफ करता येतो. पण आठव्या पिढीच्या खालचं घेऊ नका. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. शिवाय कित्येकांना एचडीएमआय नसतंच, किंवा १.४ असतं. त्यांच्या डिस्प्लेपोर्टला 'ॲक्टिव्ह' प्रकारचं एचडीएमआय २.० ॲडॉप्टर लावलं की ४के ६० हर्ट्‌झला मिळतं. एव्ही१ मिळणार नाही, यूट्यूब तेव्हा व्हीपी९ पाठवतं आणि काम चालतं.

असेंबल कुणी करावं? ज्याला गेम खेळायचे आहेत, ज्याच्याकडे चार-पाच टेराबाइटच्या दोन डिस्क आत बसवण्याएवढा साठा आहे, आणि ज्याचं लग्नाच्या शूटिंगचं किंवा एडिटिंगचं काम त्याच मशीनवर होणार आहे. या तिघांनीच. त्यांनी मायक्रो एटीएक्स (मध्यम आकाराचं) कॅबिनेट घ्यावं, समोर जाळी असलेलं. दुकानात काचेचं, रंगीत दिवे लुकलुकणारं कॅबिनेट पुढे केलं जाईल. समोरच्या काचेने हवा अडते आणि अंधारात सिनेमा बघताना ते दिवे डोळ्यांत जातात. नको म्हणा. समोर दोन १२० मिलिमीटरचे पंखे आत हवा घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. म्हणजे धूळ फटींतून न येता जाळीवरच अडते. प्रोसेसरसोबत येणारा छोटा पंखा उन्हाळ्यात घरघरतो, त्याऐवजी मोठ्या पंख्याचा टॉवर कूलर लावा. पॉवर सप्लाय ४५० ते ५५० वॉटचा, ब्रॉन्झ दर्जाचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा.

तुलना करताना विंडोजची किंमत विसरू नका. ब्रँडेड मशीनमध्ये परवाना धरलेला असतो. असेंबलवाला 'टाकून देतो' म्हणतो ती बहुधा चोरीची प्रत असते. फक्त घरचा साठा आणि यूट्यूब बघायचं असेल तर विंडोजऐवजी लिब्रेइलेक ही छोटी सिस्टिम टाका, ती फुकट आहे आणि सुरू झाल्याबरोबर थेट कोडी हा फोटो-व्हिडिओ लावायचा प्रोग्राम उघडते.

सहावी पायरी: घरी आल्यावर

रिमोटचा विचार आधी करा, नाहीतर आजीला हरिपाठ लावून द्यायला प्रत्येक वेळी नातवाला हाक मारावी लागेल. टीव्हीच्या रिमोटने कॉम्प्युटर चालवण्याची सीईसी ही सोय कॉम्प्युटरांत सहसा नसते. एअर माऊस रिमोट (हवेत हलवून पडद्यावरचा बाण फिरवायचा) किंवा टचपॅडचा छोटा वायरलेस कीबोर्ड घ्या. कोडीसाठी अँड्रॉइड फोनवर कोरे नावाचं फुकट रिमोट ॲप आहे.

कोडीत 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' ही सोय बंद असते, ती 'ऑन स्टार्ट/स्टॉप' करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि टीव्ही ६० वर अडकलेला असेल तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र झटके देतं. आपल्या लग्नाच्या डीव्हीडी २५ फ्रेमच्या असतात, त्यांना ५० हर्ट्‌झ लागतं. त्यांच्यात हलणाऱ्या माणसांच्या कडेला आडव्या रेषा दिसल्या तर डीइंटरलेसिंग चालू करा. साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टला जोडा आणि कॉम्प्युटर दुसऱ्या पोर्टला. साध्या एआरसीतून डॉल्बी ट्रूएचडी हा उच्च दर्जाचा आवाज जात नाही, त्याला ईएआरसी लागतं.

परत करण्याची मुदत संपायच्या आत, शक्यतो दुपारी तीनच्या उन्हात, दोन तासांचा ४के व्हिडिओ दारं-खिडक्या नेहमीसारख्या ठेवून लावा. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर विंडोजवर चालू ठेवा, कोडीत तापमान 'सिस्टिम इन्फो'मध्ये दिसतं. प्रोसेसर ८५ अंशांच्या आत राहिला आणि डिस्क ५० च्या आसपास, तर जागा बरोबर निवडली आहे. त्यापुढे गेला तर मशीन शोकेसमधून बाहेर काढून हीच चाचणी पुन्हा करा. तरीही उतरला नाही तर बिल घेऊन दुकानात जा, मुदत आहे तोवर.